मागच्या काचेचा इतिहास : जुनी वाइड अँगल लेन्स आणि डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा

१/२२
२००६ साली जर्मनीच्या लायका कंपनीने एम८ हा आपला पहिला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा बाजारात आणला. १९५४ पासूनच्या बहुतेक एम-लेन्स त्याच्यावर जशाच्या तशा बसत. एक पातळ कडी लावली की १९३० च्या दशकातल्या आट्यांच्या लेन्सही बसत. मात्र त्याच कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत काही जुन्या लेन्सची यादी सावधगिरीची सूचना म्हणून छापलेली होती. काही लेन्स लावूच नयेत, काही लावल्या तर प्रकाशमापन चालणार नाही, असे तीत म्हटले होते. त्या यादीत वाइड अँगल लेन्स बऱ्याच होत्या. त्यांचाच नंबर का लागला, याचा हा इतिहास. जुनी लेन्स विकत घेऊ पाहणाऱ्याच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे.

२/२२
रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार लेन्समधून पाहत नाही. वरच्या खिडकीतून दृश्य दिसते. शेजारच्या छोट्या खिडकीतून आलेली दुसरी, पुसट प्रतिमा त्यावर पडते. लेन्सचे कडे फिरवून या दोन प्रतिमा जुळवल्या की फोकस साधतो. त्यामुळे लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा लागत नाही. एसएलआर कॅमेऱ्यात आरसा ज्या जागेत वरखाली होतो, ती जागा इथे मोकळी असते. वाइड अँगल लेन्स रचणाऱ्यांनी या मोकळ्या जागेचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

३/२२
रुंद दृश्य टिपण्यातली एक अडचण छायाचित्रणाच्या आरंभापासून ठाऊक होती. प्रकाशकिरण जितका तिरपा, तितका तो फिल्मवर क्षीण पडतो. साध्या लेन्समध्ये ही घट कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताप्रमाणे होते. अक्षापासून ४५ अंशांवरून येणारा प्रकाश मध्यभागाच्या तुलनेत एक चतुर्थांशच उरतो. ९० अंशांचा पट्टा टिपणाऱ्या लेन्सचे कोपरे म्हणूनच काळवंडतात.

४/२२
१९०० च्या सुमारास बर्लिनच्या गोर्झ कंपनीने काढलेल्या हायपरगॉन लेन्समध्ये या अडचणीवर मजेदार तोडगा होता. फुग्यासारख्या वळलेल्या दोनच काचा, पण दृष्टिक्षेत्र सुमारे १३५ अंशांचे. मध्यभागाचा अतिरिक्त प्रकाश अडवण्यासाठी लेन्सपुढे चांदणीच्या आकाराची चक्री बसवलेली असे. रबरी नळीतून हवा सोडून ती फिरवायची, काही वेळाने बाजूला करायची आणि उरलेला वेळ चक्रीविना प्रकाश घ्यायचा. इमारतींची स्थिर छायाचित्रे काढण्यापुरते हे ठीक होते. हातात धरायच्या कॅमेऱ्याला त्याचा उपयोग नव्हता.

५/२२
हातात धरायचा असा कॅमेरा १९२५ मध्ये आला. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यातील ऑस्कर बार्नॅक यांनी सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा लायका घडवला. १९३० मध्ये त्याच्या लेन्स बदलता येऊ लागल्या आणि लगोलग ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची जोडणी प्रमाण ठरली. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर निश्चित झाले. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. माक्स बेरेक यांनी रचलेली ३५ मिलिमीटरची एल्मार आणि नंतरची २८ मिलिमीटरची हेक्टॉर या लायकाच्या सुरुवातीच्या वाइड अँगल लेन्स. आकाराने नाण्याएवढ्या, प्रकाशाच्या बाबतीत मात्र मंद.

६/२२
लायकाला शह देण्यासाठी ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीने १९३२ मध्ये कॉन्टॅक्स आणला. झाइसकडे लुडविग बेर्टेले हे असामान्य लेन्सरचनाकार होते. वेगवान सोनार लेन्स त्यांचीच. १९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी कॉन्टॅक्ससाठी ३५ मिलिमीटर एफ/२.८ ची बायोगॉन रचली. तिच्या मागच्या बाजूला एक मोठी, फुगीर काच होती. लेन्स बसवली की ही काच कॅमेऱ्याच्या पोटात खोलवर, शटरच्या जवळ जाई. त्यामुळे लेन्स वेगवान झाली आणि कोपऱ्यांपर्यंत स्पष्ट राहिली. या कथेचा नायक ती मागची काचच आहे.

७/२२
१९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सैन्य येना शहरात शिरले. कार्ल झाइसचा मूळ कारखाना तिथेच होता. येना सोव्हिएत क्षेत्रात जाणार हे ठरलेले असल्याने अमेरिकनांनी परतताना झाइसचे ऐंशीच्या आसपास तज्ज्ञ आणि व्यवस्थापक पश्चिमेकडे हलवले. त्यांच्यातूनच पुढे ओबरकोखेनचा झाइस कारखाना उभा राहिला. मागून आलेल्या सोव्हिएत सत्तेने उरलेल्या कारखान्यावर युद्धभरपाई म्हणून हक्क सांगितला. ऑक्टोबर १९४६ मध्ये जर्मन तंत्रज्ञांना कुटुंबांसह आगगाड्यांत बसवून सोव्हिएत संघात नेण्यात आले. त्यांत झाइसचे लोकही होते.

८/२२
कॉन्टॅक्सची उत्पादनसामग्री युक्रेनची राजधानी कीव्ह इथल्या आर्सेनल कारखान्यात गेली. १९४७ पासून तिथे कॉन्टॅक्सच ‘कीएव्ह’ या नावाने तयार होऊ लागला. लेन्सचे काम मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये सुरू झाले. बायोगॉनच्या पहिल्या सोव्हिएत आवृत्तीचे नाव बीके-३५ होते. ‘बायोगॉन, क्रास्नोगोर्स्क’ या शब्दांची ती आद्याक्षरे. जर्मन काचेचा साठा संपत आल्यावर सोव्हिएत काचेसाठी गणित नव्याने मांडले गेले आणि ज्युपिटर-१२ हे नाव आले. पुढे लितकारिनोच्या कारखान्यातही ती अनेक वर्षे निघत राहिली. आज जुन्या बाजारात बेताच्या दरात मिळणाऱ्या ३५ मिलिमीटर लेन्समध्ये ज्युपिटर-१२ चे नाव हटकून निघते. तिच्या मागे बेर्टेलेंची तीच फुगीर काच आहे.

९/२२
त्या काचेने पहिला पेच टाकला तो १९५० मध्ये. पश्चिम जर्मनीत झाइस इकॉनने कॉन्टॅक्स नव्याने रचला आणि त्याला ‘दोन-ए’ म्हटले. कॅमेरा आकाराने लहान झाला आणि त्याची आतली मांडणी बदलली. परिणामी युद्धापूर्वीची बायोगॉन तिच्या स्वतःच्याच घराण्यातल्या नव्या कॅमेऱ्यात मावेना. कंपनीला नव्या शरीरासाठी नवी ३५ मिलिमीटर बायोगॉन रचावी लागली. जुनी लेन्स जोडणीवर अचूक बसते आणि तरीही आत मावत नाही, हा प्रकार डिजिटल युगात जन्मलेला नाही.

१०/२२
इकडे रुंद कोनाच्या गणिताला नवी दिशा मिळाली होती. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल रुसिनोव्ह यांनी १९४० च्या दशकात दोन्ही टोकांना मोठ्या अंतर्वक्र काचा असलेली जवळजवळ सममित लेन्स मांडली. पुढची मोठी काच तिरप्या किरणांसाठी लेन्सचे छिद्र जणू रुंद करते, त्यामुळे कोपऱ्यांतला अंधार कमी होतो. सममितीमुळे सरळ रेषाही सरळ राहतात. विमानातून नकाशे घेण्यासाठी हे गुण अमूल्य होते. याच घराण्यातली २० मिलिमीटरची रुसार एमआर-२ १९५८ मध्ये आली. नावातली ‘एमआर’ ही रुसिनोव्ह यांचीच आद्याक्षरे.

११/२२
युद्धानंतर स्वित्झर्लंडला गेलेल्या बेर्टेलेंनीही हीच वाट धरली. हवाई सर्वेक्षणासाठी त्यांनी अ‍ॅव्हिओगॉन रचली आणि झाइससाठी नवी, ९० अंशांची बायोगॉन. १९५४ मध्ये ती कॉन्टॅक्ससाठी २१ मिलिमीटर एफ/४.५ या रूपात अवतरली. नाव जुने, रचना सर्वस्वी वेगळी. लायकानेही श्नायडर कंपनीकडून याच धर्तीची २१ मिलिमीटरची सुपर-अँग्युलॉन घेतली. १९५८ मध्ये एफ/४ ची आणि १९६३ मध्ये एफ/३.४ ची. रेषा न वाकवणाऱ्या या लेन्स वास्तुछायाचित्रणात आजही मानाने घेतल्या जातात. मात्र त्यांची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाते, म्हणजे कोपऱ्यांकडे जाणारे किरण फार तिरपे पडतात. फिल्मची त्याला हरकत नव्हती.

१२/२२
या घराण्याचे टोक म्हणजे झाइसची १५ मिलिमीटर एफ/८ होलोगॉन. १९६९ मध्ये ती इतकी आत जाणारी निघाली की तिच्याभोवती स्वतंत्र कॅमेराच बांधावा लागला. काचा तीनच, छिद्र एकाच मापाचे, आणि मध्यभाग दाबण्यासाठी सोबत खास फिल्टर. गोर्झच्या फिरत्या चांदणीचे हे आधुनिक रूप. १९७० च्या दशकात ती लायकाच्या एम-जोडणीतही थोड्या संख्येने निघाली. एम८ च्या पुस्तिकेत ‘लावू नये’ या गटात तिचे नाव होते.

१३/२२
दुसरी वाट फ्रान्समधून निघाली होती. एसएलआर कॅमेऱ्यात आरशाला जागा हवी, म्हणून मागची काच दूर ठेवणे भाग होते. १९५० मध्ये अँजेन्यू कंपनीने ३५ मिलिमीटरची ‘रेट्रोफोकस’ लेन्स आणली. पुढे मोठी पसरवणारी काच, मागे गोळा करणारा गट, आणि मागच्या काचेपासून फिल्मपर्यंतचे अंतर फोकल लेंग्थपेक्षाही जास्त. अशी लेन्स आकाराने मोठी होते आणि तीत रेषा वाकण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे रेंजफाइंडरवाल्यांनी ही तडजोड बराच काळ नाकारली. मात्र या रचनेत किरण फिल्मवर पुष्कळ सरळ पडतात. या गुणाचे मोल त्या वेळी कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते.

१४/२२
दुसरा पेच १९७१ मध्ये पडला. लायका एम५ मध्ये लेन्समधून आलेला प्रकाश मोजणारी सोय प्रथमच आली. शटरच्या पडद्यापुढे एका दांडीवर प्रकाशमापक उभा राही आणि फोटो घेताना खाली निघून जाई. सुपर-अँग्युलॉनची काच नेमकी त्याच जागेत येत होती. १९६५ ची पहिली २८ मिलिमीटर एल्मारिटही तशीच. म्हणून ७० च्या दशकाच्या आरंभी एल्मारिट रेट्रोफोकस पद्धतीने बदलली गेली, आणि १९८० मध्ये २१ मिलिमीटरलाही सुपर-अँग्युलॉनऐवजी एल्मारिट आली. हे बदल प्रकाशमापकासाठी केलेले होते. एका पिढीनंतर डिजिटल कॅमेऱ्यांना ते आयतेच उपयोगी पडले.

१५/२२
पहिला डिजिटल रेंजफाइंडर मात्र लायकाचा नव्हता. २००४ मध्ये जपानच्या एप्सनने कोसिना कंपनीच्या कॅमेऱ्यावर बेतलेला आर-डी१ आणला. साठ लाख पिक्सेल, शटर ताणण्यासाठी फिल्मच्या काळातला खटका आणि लायकाच्या एम-लेन्स घेणारी जोडणी. सेन्सर पूर्ण चौकटीहून लहान असल्याने २१ मिलिमीटरची लेन्स त्यावर साधारण ३२ मिलिमीटरसारखी वागे. कोपऱ्यांतला कठीण भाग कापलाच जाई. जुन्या लेन्स डिजिटलवर चालतात हा विश्वास या कॅमेऱ्याने दिला. त्यांची खरी परीक्षा पुढे होती.

१६/२२
सेन्सरला तिरप्या किरणांचे वावडे का? फिल्मचा थर पातळ असतो आणि कोणत्याही दिशेने आलेला प्रकाश तो स्वीकारतो. सेन्सरचा प्रत्येक बिंदू मात्र छोट्या विहिरीसारखा असतो. वर सूक्ष्म भिंग, त्याखाली लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर, आणि तळाशी प्रकाश टिपणारा भाग. शिवाय या सगळ्यावर काचेचे झाकण. फार तिरपा किरण विहिरीच्या भिंतीवर आपटतो किंवा शेजारच्या रंगाच्या विहिरीत शिरतो. मग चित्राच्या कडा काळवंडतात आणि एका बाजूला तांबूस, दुसऱ्या बाजूला हिरवट-निळसर झाक चढते. जाड झाकणातून तिरपे जाताना किरण सरकतात आणि कोपरे पुसट होतात.

१७/२२
एम८ मध्ये लायकाने तीन उपाय केले. सेन्सर पूर्ण चौकटीहून लहान, १८ बाय २७ मिलिमीटरचा घेतला. कडेची सूक्ष्म भिंगे मध्याकडे सरकवून बसवली. झाकणाची काच अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ केली. पण पातळ काच अवरक्त किरण पुरेसे अडवीना, आणि काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले. कंपनीने ग्राहकांना लेन्सपुढे लावायचे फिल्टर दिले. वाइड अँगल लेन्सवर त्या फिल्टरमुळे कोपऱ्यांत हिरवट-निळी झाक आली. ती पुसण्यासाठी कोणती लेन्स लावली आहे हे कॅमेऱ्याला कळणे आवश्यक झाले. त्यासाठी लेन्सच्या बायोनेटवर काळ्या-पांढऱ्या सहा ठिपक्यांची खूण होती. ती वाचून कॅमेरा चित्र दुरुस्त करी. जुन्या लेन्सचे मालक तशा खुणा कारखान्यातून करून घेत, काही जण काळ्या पेनाने स्वतःच रंगवत.

१८/२२
सप्टेंबर २००९ मध्ये एम९ आला. सेन्सर पूर्ण २४ बाय ३६ मिलिमीटरचा. लेन्सचे नाव आता यादीतूनही निवडता येऊ लागले. मात्र झाकले गेलेले कोपरे उघडे पडले आणि २१ मिलिमीटरच्या जुन्या सममित लेन्सवर रंगीत कडा ठळक दिसू लागल्या. २०१२ च्या एम मोनोक्रोममध्ये रंगांचे फिल्टरच नव्हते, त्यामुळे रंगांची झाक उरली नाही. कोपऱ्यांतला अंधार तेवढा राहिला. कृष्णधवल चित्रांसाठीच सुपर-अँग्युलॉन घेणाऱ्यांना ही गोष्ट सोयीची ठरली.

१९/२२
२०२२ च्या एम११ मध्ये प्रकाश टिपणारा भाग तारांच्या वर आणलेला, मागून प्रकाशित होणारा सेन्सर आहे. विहीर उथळ झाल्याने तिरपे किरण तो अधिक सहजपणे घेतो. प्रकाशमापनही शटरच्या पात्यांऐवजी थेट सेन्सरवरून होते. एम८ आणि एम९ मध्ये ते पात्यांवरून परावर्तित प्रकाश पाहून होई आणि आत घुसलेली काच त्या प्रकाशाच्या आड येई. हा तिसरा पेच. पुस्तिकेत दोन्ही सुपर-अँग्युलॉन आणि २३१४९२१ च्या आतील अनुक्रमांकाच्या २८ मिलिमीटर एल्मारिट ‘प्रकाशमापन होणार नाही’ या गटात होत्या त्या याच कारणाने. लेन्स त्याच राहिल्या, कॅमेरागणिक त्यांचे मोल बदलत गेले.

२०/२२
खरेदीदारासाठी या इतिहासाचे सार असे. प्रथम आपला कॅमेरा कोणता ते पाहावे, मग लेन्स. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर बहुतेक जुन्या लेन्स निभावतात, पण एम८ वर २८ मिलिमीटरची लेन्स ३७ सारखी वागते. पूर्ण चौकटीवर ३५ मिलिमीटरला त्रास कमी, २८ ला लेन्सगणिक वेगळा, २१ ला सर्वाधिक. मागची काच जितकी आत, तितकी शंका अधिक. ज्युपिटर-१२ ची मागची काच उघडी असते, म्हणून बसवताना कॅमेऱ्याचे पोट तपासावे आणि लेन्स हळूच फिरवावी. मागे सरकून मिटणाऱ्या जुन्या लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर मिटवू नयेत. आट्यांच्या लेन्ससाठी लागणारी कडी बरोबर एक मिलिमीटरची असते, कारण एम-जोडणीचे अंतर २७.८ मिलिमीटर ठेवताना लायकाने १९५४ मध्येच जुन्या ग्राहकांचा विचार केला होता. २१ मिलिमीटरची चौकट कॅमेऱ्याच्या खिडकीत दिसत नाही, तेव्हा वर बसवायच्या वेगळ्या व्ह्यूफाइंडरचा खर्चही धरावा.

२१/२२
मग लेन्स प्रत्यक्ष हाती घ्यावी. छिद्र पूर्ण उघडून मागून विजेरीचा झोत टाकला की आतले सारे दिसते. धुक्यासारखा पापुद्रा म्हणजे जुन्या वंगणाची वाफ. ती बहुधा साफ होते, पण काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास शोधावी. चिकटवलेल्या काचांच्या कडेला इंद्रधनुषी चकाकी दिसली तर जोड सुटू लागला आहे. त्या काळचे लेप मऊ असत, पुसून पुसून त्यांवर बारीक ओरखडे येतात. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चित्रात क्वचितच दिसतो. मागच्या काचेवरचा, विशेषतः सेन्सरच्या जवळ जाणाऱ्या काचेवरचा, अधिक नडतो.

२२/२२
सोव्हिएत लेन्सवर नंतर ‘कार्ल झाइस येना’ अशी अक्षरे कोरून विकण्याचे प्रकार बरेच झाले आहेत. अनुक्रमांकाचे पहिले दोन अंक बहुधा उत्पादनाचे वर्ष सांगतात, हे सोव्हिएत लेन्सचे वैशिष्ट्य अशा वेळी कामी येते. शेवटची कसोटी स्वतःच्या कॅमेऱ्यावर घ्यावी. एकसारख्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीचे एक छायाचित्र, म्हणजे कडांचे रंग कळतील. विटांच्या भिंतीचे एक, म्हणजे चारही कोपरे सारखे स्पष्ट आहेत की नाही ते कळेल. जवळच्या वस्तूवर फोकस जुळवून एक, म्हणजे रेंजफाइंडर आणि लेन्स यांचा मेळ कळेल. लायकाने १९५५ ची २८ मिलिमीटर सुमारोन २०१६ मध्ये त्याच रचनेत, सहा ठिपक्यांची खूण लावून पुन्हा काढली. रुसार २०१४ मध्येच परतली होती. जुनी रचना आजही लोकांना हवी आहे. ती आपल्या कॅमेऱ्यात कशी वागेल, हे भिंतीच्या दोन आणि फोकसच्या एका छायाचित्रावरून व्यवहार पक्का होण्यापूर्वीच समजते.

(थ्रेड समाप्त)